संसारांतील यंत्रें : दाराआडून सुरू होणारी मोटार

नागपूरच्या एका वाचकभगिनीचें पत्र गेल्या महिन्यांत आमच्याकडे आलें. त्यांची कन्या व जांवई कॅनडांत विनिपेग येथें असतात. घराबाहेर उभी असलेली मोटार घरांतूनच, हातांतील लहानशी कळ दाबून, सुरू करतां येईल असें एक यंत्र गाडींत बसवून घ्यावें असें मुलीच्या मनांत आहे. गाडी जुनी आहे. कारखान्यांतून येतांना तिच्यांत ही सोय नव्हती; म्हणून तें बाजारांतून घेऊन वरून बसवावें लागणार. त्यावर मातोश्री विचारतात, "ही निव्वळ चैन आहे कीं खरोखर गरज? आणि गाडीच्या आंतल्या तारा तोडून असें कांहीं बसविणें सुरक्षित असतें काय? मुलीला काय लिहूं?"

हा प्रश्न आम्हांस अगदीं ओळखीचा आहे. गेला हिंवाळा आम्हीं उभयतांनीं अमेरिकेंतील मिनेसोटा राज्यांत चिरंजिवांच्या घरीं काढला. तेथें हेंच यंत्र त्यानें आपल्या गाडींत स्वतः बसविलें, आणि विजेरी धरून शेजारीं बसण्याचें काम माझ्याकडे आलें. पुढें दीड महिन्यानें त्याच यंत्रापायीं माझ्या हातून एक चूक झाली. ती सांगितल्यावांचून या पत्राचें उत्तर पुरें होणार नाहीं. पण ती समजण्यासाठीं यंत्राची थोडी ओळख आधीं करून घेतली पाहिजे.

प्रथम गरजेचा विचार करूं. पुण्यांत पहांटे पारा ८ अंशांवर उतरला कीं वर्तमानपत्रांत त्याची बातमी होते. मिनिआपोलिस शहरीं ३० जानेवारी २०१९ रोजीं तो शून्याखालीं ३३ अंशांवर गेला होता. दर वर्षीं इतकी थंडी पडत नसली, तरी शून्याखालीं २० अंश हें तिकडे जानेवारींत नवल नव्हे. विनिपेगला तर नव्हेच. अशा हवेंत इंजिनांतील तेल काकवीसारखें घट्ट होतें. आणि बॅटरी ही रासायनिक क्रियेवर चालणारी असल्यामुळें तिचा जोर शून्याखालीं १८ अंशांच्या सुमारास जवळजवळ निम्म्यावर येतो. इंजिन फिरविण्यास अधिक जोर हवा असतो, नेमकी त्याच वेळीं जोर देणारी बॅटरी दुबळी झालेली असते. म्हणून विनिपेगकडे रात्रभर उभ्या राहणाऱ्या गाडीच्या इंजिनास विजेनें ऊब देणारा हीटर बसवितात, आणि त्याची तार गाडीच्या नाकाशीं लोंबत असते. तें काम रिमोट स्टार्टर करीत नाहीं. मुलीच्या गाडीला तो हीटर आहे कीं नाहीं, हें आमच्या पत्रलेखिकेनें तिला आधीं विचारावें.

मग रिमोट स्टार्टरचें काम काय? जुन्या कार्ब्युरेटरच्या गाड्यांचें इंजिन थंडींत बराच वेळ तापवावें लागे. इंजेक्शननें पेट्रोल घेणाऱ्या हल्लींच्या इंजिनास तशी गरज राहिलेली नाहीं. अर्धें-एक मिनिट तें चालूं द्यावें आणि पहिले दोनतीन मैल गाडी सावकाश हांकावी, म्हणजे पुरे. खरी अडचण असते ती कांचेची. रात्रीं बाहेर उभ्या असलेल्या गाडीच्या पुढील कांचेवर हिमाचा टणक थर बसतो. घाईंत असलेला माणूस तो खरवडून ताटलीएवढी जागा मोकळी करतो आणि तेवढ्या भोंकांतून पाहत रस्त्याला लागतो. बाजूनें येणारें पोर त्याला दिसत नाहीं. दहा मिनिटें आधीं गाडी सुरू झालेली असली, तर आंतील उबाऱ्यानें तो थर सैल होतो, आणि चालविणाऱ्याचीं बोटेंही चाक धरण्याजोगीं राहतात. याला मी चैन म्हणणार नाहीं. मात्र दहा मिनिटें पुरत असतां अर्धा तास गाडी चालत ठेवणें ही उधळपट्टी आहे. कारण मध्यम आकाराचें इंजिन जागच्या जागीं नुसतें चालत राहिलें, तरी ताशीं लिटरभराच्या आसपास पेट्रोल खातें.

आतां हें यंत्र कोणत्या परंपरेंतून आलें तें पाहूं. मोटारी नव्या होत्या तेव्हां पुढें उभें राहून, नाकांत लोखंडी हँडल घालून, तें हातानें फिरवावें लागे. आमच्या वडिलांच्या जुन्या गाडीला तें हँडल होतें. इंजिन उलटें उसळलें कीं हँडलाचा तडाखा मनगटावर बसे, आणि कित्येकांचे हात त्यांत मोडले. चार्ल्स केटरिंग या अमेरिकन यंत्रज्ञानें विजेच्या मोटरनें इंजिन फिरविण्याची योजना सिद्ध केली, आणि १९१२ सालच्या कॅडिलॅक गाड्यांत ती प्रथम आली. त्या दिवसापासून माणूस गाडीपुढून उठून गाडींत जाऊन बसला. आतां तो गाडींतूनही उठून स्वयंपाकघरांत गेला आहे. बाजारांतून घेऊन वरून बसविण्याचीं हीं यंत्रें पुष्कळ वर्षें मिळत होतीं. जनरल मोटर्सनें तर २००४ सालच्या शेव्हरोले मालिबू गाडींत ती सोय कारखान्यांतच देऊं केली.

या प्रवासांत एक गोष्ट हळूहळू बदलत गेली. हँडल मारणाऱ्याला गाडी कोठें उभी आहे, बॉनेटखालीं कोणाचा हात आहे काय, हें सगळें समोर दिसत होतें. गाडींत बसणाऱ्याला निदान गिअर कोठें आहे तें दिसतें. स्वयंपाकघरांतून कळ दाबणाऱ्याला यांपैकीं कांहींच दिसत नाहीं. म्हणून त्याच्या डोळ्यांचें काम यंत्राला करावें लागतें. आणि हें यंत्र चांगलें कीं वाईट, याचा निवाडा तें काम तें किती नीट करतें यावरून झाला पाहिजे.

यंत्राची रचना समजावयाची तर किल्ली काय करते हें आधीं पाहिलें पाहिजे. किल्ली घालण्याच्या जागेमागें जाड तारांची एक जुडी असते. त्यांपैकीं एका तारेंत बॅटरीची १२ व्होल्टची वीज सदैव असते. किल्ली पहिल्या घरावर फिरविली कीं ती वीज रेडिओसारख्या गोष्टींच्या तारेंत जाते. दुसऱ्या घरावर इंजिनाच्या ठिणगीच्या व पेट्रोलच्या व्यवस्थेला मिळते. आणि शेवटच्या घरावर, हात धरून ठेवावा तोंवरच, स्टार्टरच्या तारेंत उतरते. रिमोट स्टार्टर म्हणजे याच तारांना समांतर जोडलेलें एक खोकें होय. त्यांत रिले, म्हणजे विजेनें उघडमीट होणारे स्विच असतात. आपल्या हातांतील कळीचा बिनतारी संदेश मिळाला, कीं तें खोकें किल्लीनें ज्या क्रमानें वीज दिली असती त्याच क्रमानें ती देतें.

इतकें कळल्यावर मला तें काम अगदीं सोपें वाटलें. माझा जन्म विजेच्या खात्यांत गेलेला. चार तारा जोडावयाच्या, त्यांत अवघड तें काय? तेथील एका दुकानदारानें बसविण्यासकट साडेतीनशें डॉलर सांगितले. चिरंजिवानें त्याला विचारलें, "बॉनेटखालचा स्विच बसवाल ना?" दुकानदार म्हणाला, "तो नसला तरी यंत्र चालतें." तेवढें ऐकून हा घरीं आला आणि म्हणाला, "अण्णा, हें आपणच बसवूं. दोन दिवस जातील, पण काय जोडलें आहे तें आपल्याला ठाऊक असेल."

एका शनिवारीं सकाळीं काम सुरू झालें. प्रथम त्यानें बॅटरीची ऋण बाजूची तार सोडविली व थोडा वेळ तशीच राहूं दिली. मग स्टीअरिंगखालचें झांकण काढलें. आंत पिवळ्या वेष्टणाची एक जुडी होती, तिकडे मी बोट दाखविलें, तों तो म्हणाला, "त्या एअरबॅगच्या तारा आहेत, अण्णा. त्यांच्या वाटेला जायचें नाहीं." पुढें तपासणीसाठीं बॅटरी पुन्हां जोडावयाची वेळ आली, तेव्हां मीं आमचा जुना उपाय सुचविला.

"अरे, मीटर कशाला? दिव्याची तार लावून पाहा, लागला कीं वीज आहे."

"आपल्या वेळच्या गाडीला तें ठीक होतें. दिवा स्वतःच वीज ओढतो. या गाडींत बारीक तारांतून संगणकांचें बोलणें चालतें. तेथें दिवा लावला तर एखादें वर्तुळ जळायचें."

मल्टीमीटरनें त्यानें एकेक तार किल्लीच्या प्रत्येक घरावर तपासून कागदावर लिहून घेतली. आमच्या पत्रलेखिकेला वाटणारी तारा तोडण्याची भीति येथें बव्हंशीं दूर करतां येते. पुष्कळ गाड्यांसाठीं दोन्ही टोकांना गाडीच्याच मापाचे प्लग असलेला तारांचा तयार जोड मिळतो. गाडीचा प्लग काढावयाचा, मध्यें हा जोड घालावयाचा, आणि पुन्हां लावावयाचा. मूळ तार तुटत नाहीं, आणि पुढें यंत्र काढलें तर गाडी होती तशी होते. ज्या दोनतीन तारांना असा जोड नव्हता त्या त्यानें डाग देऊन जोडल्या व वर आवरण घातलें. जमिनीची तार रंग खरवडून उघड्या केलेल्या लोखंडाला पक्की कसली. शेवटीं सगळ्या तारा पट्ट्यांनीं बांधून वर घेतल्या. कारण लोंबणारी तार ब्रेकच्या पायाखालीं किंवा स्टीअरिंगच्या दांड्यांत गुंतली, तर पुढें काय होईल हें सांगावयास नको.

रविवारीं दुपारीं यंत्र लागलें. मी कळ दाबण्यास उत्सुक होतों. चिरंजिवानें बॉनेट उघडें ठेवलें आणि कळ माझ्या हातीं दिली. मीं दाबली. कांहीं झालें नाहीं. पुन्हां दाबली, तरी नाहीं.

"बिघडलें रे," मी म्हणालों.

"नाहीं अण्णा, बरोबर आहे. बॉनेट उघडें आहे म्हणजे तेथें कोणाचा तरी हात असेल, असें समजून तें सुरू होत नाहीं. आतां बाकीच्या नकारांचीही परीक्षा घेऊं."

त्याचा 'नकारांची परीक्षा' हा शब्द माझ्या मनांत राहिला. त्यानें एकूण पांच परीक्षा घेतल्या, आणि वाचकांनीं त्या ध्यानांत ठेवाव्या. बॉनेटाची पहिली झाली. दुसरी ब्रेकची : किल्लीवांचून गाडी चालूं असतां कोणी आंत बसून ब्रेक दाबला, तर इंजिन बंद पडलें पाहिजे, म्हणजे दुरून सुरू केलेली गाडी चोराला हांकून नेतां येत नाहीं. तिसरी गिअरची : गिअर 'पार्क'मध्यें नसेल तर यंत्रानें हालूं नये. चौथी फेऱ्यांची : इंजिन सुरू झालें हें त्याच्या फेऱ्यांवरून यंत्राला कळलें पाहिजे, म्हणजे तें स्टार्टर वेळेवर सोडतें, आणि फेऱ्या भलत्याच वाढल्या तर इंजिन थांबवितें. पांचवी वेळेची : ठरविलेलीं मिनिटें भरलीं कीं इंजिन आपोआप बंद. दुकानदार ज्याला नको म्हणत होता, तो यांपैकीं पहिलाच डोळा. तो नसला तरी यंत्र चालतें, हें त्याचें म्हणणें खरेंच होतें; पण मग तें नको तेव्हांही चालतें.

गिअरच्या परीक्षेविषयीं आपल्याकडील वाचकांस विशेष सांगावेंसें वाटतें. आपल्या इकडे पुष्कळ गाड्यांचे गिअर हातानें बदलावयाचे असतात, आणि उतारावर गाडी पहिल्या गिअरमध्यें लावून ठेवण्याची आपली संवय आहे. तशा गाडींत साधें यंत्र बसवून दुरून कळ दाबली, तर स्टार्टरच्या झटक्यानें गाडी पुढें उडी घेईल. हातगिअरच्या गाडीसाठीं निराळीं यंत्रें असतात. त्यांत चालविणाऱ्यानें इंजिन चालूं असतांच गिअर मोकळा करून, हँडब्रेक ओढून, किल्ली काढून घ्यावयाची, खालीं उतरून दारें लावावयाचीं, आणि मग यंत्र स्वतः इंजिन बंद करतें. म्हणजे गिअर मोकळा आहे याची त्याला खात्री पटलेली असते. नंतर एकही दार उघडलें तर ती खात्री रद्द होऊन दुरून सुरू होणें बंद होतें. ज्यांत ही व्यवस्था नाहीं, असें यंत्र हातगिअरच्या गाडीला बसवूं नये. मे महिन्याच्या उन्हांत गाडी आधींच गार करून ठेवण्याच्या मोहानें कोणी तें बसवीत असेल, तर त्यानेंही हें लक्षांत घ्यावें.

एक अडथळा राहिला होता, तो चोरीविषयींचा. हल्लींच्या किल्लीच्या मुठींत एक सूक्ष्म चिप असते. ती जवळ असल्यावांचून गाडीचा संगणक इंजिन चालूं देत नाहीं. कॅनडांत तर १ सप्टेंबर २००७ पासून नव्या मोटारींत ही योजना कायद्यानें सक्तीची झाली. दुरून गाडी सुरू करावयाची तर किल्ली तेथें नसतांना ही अट पुरी झाली पाहिजे. जुनी युक्ति अशी कीं, दुसरी किल्ली एका डबींत घालून गाडींतच लपवावयाची. पण त्यामुळें चोरापासून राखणारें कुलूप आपणच कायमचें उघडून ठेवतों. नवी युक्ति म्हणजे गाडीच्या संगणकाशीं त्याच्याच भाषेंत बोलणारा एक लहान भाग. तो त्या एका गाडीपुरता शिकवून घ्यावयाचा, आणि दुरून सुरू करण्याच्या वेळींच तो किल्लीची ओळख देतो. चिरंजिवानें हाच घेतला. किल्ली आंत ठेवून चालूं गाडी रस्त्यावर सोडून देणें कित्येक ठिकाणीं गुन्हा आहे. कोलोरॅडो राज्यानें २०१६ मध्यें आपल्या तशा कायद्यांतून रिमोट स्टार्टरच्या गाड्या वगळल्या, तें त्या किल्लीवांचून हांकून नेतां येत नाहींत म्हणूनच. ब्रेकची परीक्षा कां महत्त्वाची, हें यावरून समजेल.

याप्रमाणें यंत्र अगदीं निर्दोष बसलें. दररोज सकाळीं साडेसहा वाजतां स्वयंपाकघराच्या खिडकीपाशीं उभें राहून कळ दाबण्याचें काम मीं मागून घेतलें. सूनबाईंना सातला निघावें लागे. अंगणांतील गाडीचे दिवे लुकलुकत, हातांतील कळ बारीक आवाज करी, आणि आपण या घरांत कांहीं उपयोगाचे आहोंत असें मला वाटे.

जानेवारीच्या अखेरीस चिरंजीव कामानिमित्त परगांवीं गेला होता. रात्रीं मोठें हिम पडणार अशी सूचना होती, म्हणून सूनबाईंनीं गाडी अंगणांत न ठेवतां गॅरेजमध्यें घेतली. हें गॅरेज घराला लागूनच आहे, आणि त्याच्या वरच्या अंगास नातवाची झोंपण्याची खोली आहे. गाडी आंत घेतल्याचें त्यांनीं मला सांगितलें होतें. मीं 'बरें' म्हटलेंही होतें. सकाळीं खिडकीच्या कांचेवर हिम जमून बाहेरचें कांहीं दिसत नव्हतें. दीड महिन्याच्या संवयीनें मीं कळ दाबली. कळीनें नेहमींचा आवाज केला. गाडी सुरू झाली होती, बंद दाराच्या आंत.

त्या दिवशीं नातू उठेना. "आई, डोकें दुखतंय," म्हणून तो पुन्हां पांघरुणांत शिरला. शाळेला न जाण्याचें हें नेहमींचें निमित्त, असें आम्हां सर्वांस वाटलें. पंधरा मिनिटें भरून यंत्र आपोआप थांबलें असेल, तेव्हां सूनबाईंची गाडी पुन्हां गार होऊं नये म्हणून मीं दुसऱ्यांदा कळ दाबली. त्यानंतर थोड्याच वेळांत वरच्या बोळांतील भोंगा किंचाळूं लागला.

सूनबाई धांवत वर गेल्या आणि मुलाला रजईसकट उचलून खालीं आल्या. मी एव्हांना काय झालें तें उमजून गॅरेजच्या आंतल्या दाराकडे निघालों होतों, तों त्या ओरडल्या, "मामंजी, तें दार उघडूं नका! आधीं सगळे बाहेर चला." आमच्या घरांतून शाल पांघरून कशाबशा बाहेर आल्या. गुडघाभर हिमांत आम्ही चौघें उभीं राहिलों. दहा मिनिटांत अग्निशामक दलाचे लोक आले. त्यांनीं उपकरणानें हवा मोजली, मोठें दार बाहेरून उघडलें, पंखे लावले. गाडी तेव्हां बंदच होती; यंत्रानें आपली वेळ पाळली होती. पण धूर गेला नव्हता. मुलाला रुग्णालयांत नेऊन प्राणवायु दिला, रक्त तपासलें, आणि दुपारीं तो हंसतखेळत घरीं आला. आम्हांस कोणास कांहीं झालें नाहीं. एवढें लिहितांनाही माझा हात जड होतो.

हा विषारी वायु म्हणजे कार्बन मोनॉक्साइड. त्याला रंग नाहीं, वास नाहीं. रक्तांतील जो लाल पदार्थ प्राणवायु वाहून नेतो, त्याला हा वायु प्राणवायूपेक्षां दोनशेंपटीहून अधिक ओढीनें चिकटतो. त्यामुळें माणूस श्वास घेत असतांच आंतून गुदमरतो. डोकेंदुखी, मळमळ आणि झोंप हींच त्याचीं पहिलीं लक्षणें, म्हणून आजारी माणसाला स्वतःला धोका कळत नाहीं. मोटारीच्या धुरांतील हा वायु नाहींसा करणारें कॅटॅलिटिक कन्व्हर्टर नांवाचें पात्र असतें खरें. परंतु तें अडीचशें-तीनशें अंश तापल्यावांचून काम करीत नाहीं. गारठलेल्या इंजिनाला सुरुवातीस पेट्रोलही जास्त लागतें. त्यामुळें थंडींत सुरू केल्यावरचीं पहिलीं मिनिटें हीच सर्वांत विषारी असतात, आणि रिमोट स्टार्टरनें गाडी चालते तीं नेमकीं हींच मिनिटें. मिनेसोटांत प्रत्येक झोंपण्याच्या खोलीपासून दहा फुटांच्या आंत या वायूचा भोंगा लावण्याची कायद्यानें सक्ति आहे. त्या भोंग्यानें आमचा नातू वांचविला.

चिरंजीव परत आला तेव्हां मीं त्याला सगळें सांगितलें. तो मला कांहीं बोलला नाहीं. गाडींत जाऊन बराच वेळ बसला, आणि मग येऊन म्हणाला, "पांचही नकार मीं तपासले होते, अण्णा. गॅरेजचें दार बंद आहे काय हें पाहणारी तार त्या खोक्यांत नाहींच. हें मला ठाऊक होतें, आणि मीं घरांत कोणाला सांगितलें नाहीं. चूक तुमच्या एकट्याची नाहीं."

त्याच संध्याकाळीं त्यानें घरांतल्या सर्वांना गाडींतील एक बारीक स्विच दाखविला. अशा पुष्कळ यंत्रांना तो असतो. गाडी दुरुस्तीला किंवा परक्याच्या हातीं देतांना रिमोट बंद करण्यासाठीं तो ठेवलेला असतो. आमच्या घरीं त्याचा उपयोग आतां असा होतो : जो गाडी गॅरेजमध्यें घेईल त्यानें उतरण्यापूर्वीं तो स्विच बंद करावयाचा. मग कोणीं कितीही कळ दाबली तरी गाडी ऐकत नाहीं. जो बाहेर काढील त्यानें तो पुन्हां सुरू करावयाचा. कळ लहान मुलाच्या हाताला लागणार नाहीं अशा उंच खुंटीवर गेली, आणि पंधराचीं दहा मिनिटें झालीं. माझें साडेसहाचें काम मात्र सूनबाईंनीं काढून घेतलें नाहीं. "मामंजी, फक्त आधीं दार उघडून बाहेर गाडी आहे ना तें पाहात जा," एवढेंच त्या म्हणाल्या. मी पाहूं लागलों.

आतां नागपूरच्या भगिनींस उत्तर. मुलीस यंत्र बसवूं नको असें लिहूं नका. विनिपेगच्या हिंवाळ्यांत तें उपयोगाचें आहे. पुढील गोष्टी मात्र तिला अवश्य कळवा :

१. गाडी रात्रीं कोठें उभी असते, हा पहिला प्रश्न. उघड्या अंगणांत असेल तर यंत्र घ्यावें. घराला लागून असलेल्या गॅरेजमध्यें असेल तर घेऊं नये; तेथें कांचेवर हिम धरत नाहीं, म्हणजे गरजही नाहीं. दार उघडें टाकून आंतच गाडी चालत ठेवणें हाही उपाय नव्हे. धूर घरांत शिरतोच. सुरू केलेली गाडी लगेच बाहेर काढावी.

२. कधीं अंगणांत, कधीं आंत, असें असेल तर रिमोट बंद करणारा स्विच हवाच, आणि तो वापरण्याचा नियम घरांतील प्रत्येकास, पाहुण्या आजीआजोबांसही, ठाऊक हवा.

३. बसविणाऱ्यास यंत्र किती अंतरावरून चालतें हें विचारण्यापूर्वीं तें कोणकोणत्या वेळीं चालत नाहीं हें विचारावें. आणि पैसे देण्यापूर्वीं वर सांगितलेल्या पांच परीक्षा स्वतःच्या डोळ्यांनीं पाहाव्या. फेऱ्यांची परीक्षा दिसत नाहीं; ती जोडली आहे काय तें विचारून घ्यावें. एकाही उत्तरांत 'त्यावांचून चालतें' असें ऐकूं आलें तर दुसरें दुकान पाहावें.

४. गाडींत किल्ली लपवून ठेवूं देऊं नये. तयार प्लगचा जोड मिळत असेल तर दोन पैसे अधिक देऊन तोच घ्यावा.

५. धुराची नळी हिमांत बुजलेली असेल तर कळ दाबण्यापूर्वीं ती मोकळी करावी. नाहीं तर उघड्या अंगणांतही धूर गाडींत शिरतो.

६. झोंपण्याच्या खोल्यांजवळ कार्बन मोनॉक्साइडचा भोंगा आहे काय, आणि त्याची बॅटरी जिवंत आहे काय, हें आजच पाहावें. यंत्र घेवो वा न घेवो, हें करावेंच.

हें सर्व विनिपेगचें झालें, आपला त्याच्याशीं काय संबंध, असें इकडील वाचकांनीं समजूं नये. हाच वायु आपल्या न्हाणीघरांत, बंद खिडकीआड, गॅसच्या गिझरमधूनही निघतो, आणि आपल्याकडे त्यानें माणसें मेलीं आहेत. त्या गिझरचा विचार पुढील अंकीं करूं. तोंपर्यंत ज्यांच्या न्हाणीघरांत तो असेल त्यांनीं आंघोळीच्या वेळीं खिडकीचें एक तावदान तरी उघडें ठेवावें, आणि बादली भरून गिझर बंद केल्यावरच मुलास आंत सोडावें.